नवा मुलूख, तिथले जीव आणि आपण

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हिशेब झाले, चहा झाला, आणि निघता निघता एका ताईंनी मला बाजूला घेतलं. त्यांची लेक लग्न होऊन ऑस्ट्रेलियाला गेली आहे. जावई चांगले, घर चांगलं. "पण ताई, पोरीला दिवसभर बोलायला माणूस नाही हो. फोन केला की म्हणते, आई, मी नुसती खिडकीत बसलेली असते. तुम्ही होतात ना तिकडं? तुम्ही काय केलंत?"

मी म्हटलं, "मी जंगली जनावरांची पिल्लं सांभाळणाऱ्यांना मदत केली."

त्यांना वाटलं, मी थट्टा करते आहे. मी थट्टा करत नव्हते. आजचं बोलणं हे त्यांना द्यायचं राहून गेलेलं पूर्ण उत्तर आहे. आणि ते फक्त परदेशी गेलेल्या लेकींसाठी नाही. आपल्या पुणे जिल्ह्यात उसाच्या कडेला राहणाऱ्या बायकांसाठीही आहे. ते कसं, ते पुढे कळेलच.

पहिलं वर्ष

माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं. लग्न होऊन पुण्यात आले आणि दोनच वर्षांत यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही सिडनीला गेलो. माहेर सोडून सासरी जाणं आपल्याला नवीन नाही. पण सासरी निदान भाषा आपली असते, सण त्याच महिन्यात येतात. तिथे सगळं उलटं. पुण्यात नीलमोहर होळीच्या सुमारास फुलतो, तिथे दिवाळीत रस्ते जांभळे होतात. डिसेंबरात कडक उन्हाळा. पहाटे एक पक्षी माणसासारखा खो खो हसतो. त्याचं नाव कूकाबुरा. पहिल्या महिन्यात मला वाटायचं, हा मलाच हसतो आहे.

खेड्यातली मुलगी मी. माहेरी बांधावरचं झाड ओळखीचं, कोणता साप विषारी आणि कोणता नाही ते आजीनं शिकवलेलं. तिथे मला एकाही झाडाचं नाव येत नव्हतं. माणसांची ओळख नसते तेव्हा एकटं वाटतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण झाडापाखरांची ओळख नसली तरी माणूस एकटा पडतो, हे मला तिथे कळलं.

दुधाची चूक

एका सकाळी अंगणात एक पिल्लू सापडलं. मुठीएवढं, मोठे डोळे, गुंडाळलेली शेपटी. ते पोसमचं पिल्लू होतं. पोसम म्हणजे मांजरापेक्षा लहान, रात्री झाडावर फिरणारा, पाला खाणारा प्राणी. कांगारूसारखी त्याच्या मादीच्या पोटाला पिशवी असते आणि पिल्लू त्या पिशवीत वाढतं.

मी काय केलं असेल? जे आपण प्रत्येकजण करू तेच. वाटीत गाईचं दूध कोमट केलं, कापसाची वात भिजवली आणि त्याला पाजलं. आईविना करडू आम्ही घरी असंच वाढवायचो. पिल्लानं दूध घेतलं. मला इतका आनंद झाला! रात्रीपर्यंत त्याला जुलाब लागले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींना दाखवलं. त्यांनी एक फोन नंबर दिला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी फोन केला आणि तासाभरात एक साठीच्या बाई टोपली घेऊन दारात हजर झाल्या. त्यांनी विचारलं, पिल्लू कुठे सापडलं, किती वाजता, खायला काय दिलं. मी खरं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "तुम्ही फोन केलात हे चांगलं केलंत," एवढंच म्हणाल्या.

दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. पिल्लू गेलं होतं. मी रडले. मग त्या म्हणाल्या, पुढच्या महिन्यात नव्या लोकांसाठी शिबिर आहे, याल का?

गाईचं दूध का चालत नाही, ते आधी सांगते, कारण ही चूक आपल्याकडेही घरोघरी होते. गाईच्या दुधात एक साखर असते. वासराला ती पचते, पण पोसम आणि कांगारू यांच्या पिल्लांना पचत नाही. जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं आणि लहान जीव एका रात्रीत संपतो. आपल्याकडे खारीच्या पिल्लाला दूध पाजतात, चिमणीच्या पिल्लाच्या चोचीत दूध घालतात. पक्षी तर दूध देणारा प्राणीच नाही, त्याला दूध कुठून पचणार? चोचीत जबरदस्तीनं पाणी ओतलं तरी ते श्वासनळीत जाऊन पाखरू मरू शकतं. आपल्या हातात माया असते, पण मायेला माहितीची जोड लागते.

स्वयंसेवक म्हणजे कोण?

त्या बाई 'वायर्स' नावाच्या संस्थेच्या स्वयंसेवक होत्या. सिडनी ज्या न्यू साउथ वेल्स राज्यात आहे, तिथे ही संस्था १९८०च्या दशकापासून जखमी आणि पोरक्या वन्यजीवांसाठी काम करते. संस्थेचा फोन चोवीस तास चालू असतो. काम करणारे बहुतेक लोक बिनपगारी. कोणी निवृत्त परिचारिका, कोणी बसचालक, कोणी घर सांभाळणारी बाई.

पण बिनपगारी म्हणजे बिनशिस्तीचं नव्हे. आधी पाठ वाचायचे, मग प्रत्यक्ष सराव, मग परवानगी. पाखरं हाताळणाऱ्याला साप हाताळता येत नाही, त्याचं शिक्षण वेगळं. मोठ्या वटवाघळाला तर ज्यानं आधी प्रतिबंधक लस घेतली आहे त्यानंच हात लावायचा, कारण तिथल्या वटवाघळांत रेबीजच्या जातीचा एक जीवघेणा विषाणू असू शकतो.

शिबिरातला पहिला धडा इतका साधा होता की मी तो अजून विसरले नाही. जखमी किंवा पोरका जीव सापडला तर तीन गोष्टी द्यायच्या: अंधार, ऊब आणि शांतता. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घ्यायचा, तळाला मऊ सुती कापड अंथरायचं, जीव आत ठेवून झाकण लावायचं. खोका मुलं, कुत्री, मांजरं आणि टीव्हीचा आवाज यांपासून दूर ठेवायचा. खायला नाही, प्यायला नाही. मग फोन करायचा. जंगली जीव आपल्याला घाबरतो. आपण त्याला कुरवाळतो तेव्हा त्याला वाटतं, आता हा मला खाणार. त्या भीतीनंच पुष्कळ जीव दगावतात. खोक्यातला अंधार हेच त्याचं पहिलं औषध.

गोधडीचा टाका

माझं इंग्रजी कच्चं, म्हणून पहिले काही महिने मला फोनचं काम नव्हतं. मी पिंजरे धुतले, कपडे वाळवले, फळं कापली. मग एक दिवस पिशव्या शिवायचं काम निघालं. कांगारूच्या पिल्लाची आई रस्त्यावर गाडीखाली मरते, पण पोटाच्या पिशवीतलं पिल्लू अनेकदा जिवंत असतं. त्याला आईच्या पिशवीसारखी कापडी पिशवी लागते. आत मऊ सुती कापड, बाहेर उबदार. शिवण दोन्हीकडून झाकलेली हवी, आत एकही दोरा मोकळा नको. पिल्लाचं बोट दोऱ्यात अडकलं तर रक्त थांबून बोट जातं.

मैत्रिणींनो, गोधडी शिवणाऱ्या बाईला हे शिकवावं लागतं का? मी जुन्या सुती साड्यांचे अस्तर लावून पिशव्या शिवल्या. त्या बघून सगळ्यांनी माझ्याकडे शिकायला सुरुवात केली. वर्षभर त्या देशात मला कोणी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा लोक मला विचारत होते, "हे तुम्ही कसं करता?" फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, एवढ्या लांब जाऊन गोधड्याच शिवतेस होय?" हसली, पण तिच्या आवाजात पहिल्यांदाच काळजी नव्हती.

पुढे २०१९ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात मोठे वणवे लागले आणि कितीतरी देशांतल्या बायकांनी घरी बसून अशा पिशव्या शिवून पाठवल्या. हातात कला असली की भाषा आडवी येत नाही.

भाषाही आली म्हणा. कुठे सापडलं, किती वाजता, अंगावर जखम आहे का, मांजरानं तोंड लावलं होतं का, हे प्रश्न रोज विचारता विचारता माझं इंग्रजी सुधारलं. दुकानात बोलायला मी लाजत होते. पण समोर जीव तडफडत असताना व्याकरणाची लाज कोण धरतो?

दीडशे मीटरचा नियम

आता या सगळ्याचं सार असलेली गोष्ट सांगते. तिथले पोसम लोकांच्या छपरात राहतात, रात्री धुडगूस घालतात. वैतागून लोक म्हणतात, पकडा आणि लांब जंगलात सोडा. पण त्या राज्याचा नियम असा आहे की पकडलेला पोसम पकडल्या जागेपासून १५० मीटरच्या आतच, दिवस मावळल्यावर सोडायचा. म्हणजे तुमच्या छपरातला पोसम तुमच्याच आवारातल्या झाडावर. मग छपराचं भोक बुजवायचं आणि झाडावर त्याच्यासाठी लाकडी खोकं टांगायचं.

मी विचारलं, असं का? जंगलात सोडलं तर काय बिघडलं? तर कळलं की परक्या मुलखात सोडलेला पोसम बहुधा जगत नाही. कोणत्या झाडात ढोली आहे ते त्याला ठाऊक नसतं. पाला कुठला खायचा, पाणी कुठे, कुत्रं कुठून येतं, काहीच माहीत नसतं. शिवाय तिथे आधीपासून राहणारे पोसम त्याला हुसकावून लावतात. त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. पोसमला दीडशे मीटरच्या पलीकडे नेत नाहीत, आणि मला तर सुमारे दहा हजार किलोमीटरवर आणून सोडलं होतं!

पण एक फरक होता. पोसमला कोणाला विचारता येत नाही, मला येत होतं. हे झाड कोणतं, हे पाखरू काय खातं, हा रस्ता कुठे जातो, असं मी विचारायला लागले. मी ज्या जिवांना मदत करत होते, त्यांनीच मला त्या मुलखाची ओळख करून दिली.

पुण्यात परतल्यावर

सात वर्षांनी आम्ही परत आलो. पुणं माझं, पण तेही बदललेलं. पुन्हा नवं घर, नवे शेजारी. मग मी तोच रस्ता धरला.

आपल्याकडे हे काम नाही असं समजू नका. पुण्यात याची जुनी परंपरा आहे. सर्पमित्र नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास एका काचेच्या खोलीत काढले. साप विनाकारण चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. पुढे १९८६ साली त्यांच्या पुढाकारानं कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं. आज ते राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाच्या आवारातच आहे, आणि तुमच्या मुलांची सहल तिथे नक्की गेली असेल. अलीकडच्या काळात, २००७ साली, नेहा पंचमिया यांनी 'रेस्क्यू' ही संस्था सुरू केली. बावधनला त्यांचं केंद्र आहे. वनविभागाबरोबर ते जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करतात.

आपल्याकडचा एक मोठा फरक मात्र नीट लक्षात ठेवा. तिथे शिकलेल्या स्वयंसेवकाला परवान्याखाली प्राणी घरी ठेवता येतो. आपल्याकडे ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पोपट, कासव, मुंगूस, माकड, ससाणा असे जीव घरी ठेवणं गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. इथला स्वयंसेवक फोन घेतो, गर्दी आवरतो, खोका पोहोचवतो, केंद्रात धुणंपुसणं करतो, लोकांना समजावतो. प्राणी हाताळणं आणि औषधपाणी हे डॉक्टरांचं आणि वनविभागाचं काम.

पुण्यात वर्षाचं चक्र ठरलेलं असतं. संक्रांतीला नायलॉनच्या मांज्यात घारी, बगळे, घुबडं अडकतात. या मांज्यावर बंदी आहे, तरी तो विकला जातो. एप्रिल-मेच्या उन्हात तहानेनं पाखरं खाली पडतात. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की साप घरांकडे येतात. उन्हाळ्याच्या शेवटी नुकती पिसं फुटलेली पिल्लं जमिनीवर दिसतात आणि लोक ती उचलून आणतात. खरं तर त्यातली बहुतेक पोरकी नसतात. ती उडायला शिकत असतात आणि आईबाप वरून पाहत असतात. मांजराची भीती असेल तर उचलून जवळच्या फांदीवर ठेवा आणि लांब व्हा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हे खोटं आहे.

जुन्नरचा धडा

आता माझ्या माहेराकडे वळते, कारण दीडशे मीटरचा तो नियम मला खरा पटला तो तिथे.

धरणं आली, पाणी आलं, ऊस आला. उंच दाट उसात बिबट्याला आडोसा मिळाला, कुत्री, डुकरं, शेळ्या असं खाणं मिळालं. त्याला जंगलाची गरजच उरली नाही. उसात जन्मलेल्या बिबट्याला ऊस हेच त्याचं माहेर.

२००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात लोकांच्या मागणीवरून शंभराहून जास्त बिबटे पकडले गेले आणि त्यातले पुष्कळ लांब जंगलात नेऊन सोडले. वाटलं, त्रास संपेल. पण वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे तपासले तेव्हा उलटं दिसलं. त्याआधी या भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. पकडून सोडण्याचं काम सुरू झाल्यावर ते सतरापर्यंत गेले.

असं का व्हावं? अनोळखी मुलखात टाकलेलं बिथरलेलं जनावर माणसाच्या वाटेत येतं. आणि जिथून ते काढलं, ती जागा रिकामी राहत नाही, दुसरं येतं. माणसं कुठून जातात, कधी जातात, कोणत्या वाटेनं आडबाजूला राहायचं, हे जुन्या बिबट्याला ठाऊक असतं, नव्याला नसतं. म्हणजे पोसमचा आणि बिबट्याचा हिशेब एकच.

याचा अर्थ आपण सोसत राहायचं असा मुळीच नाही. ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या आईला मी काय आकडे सांगणार? माणसावर हल्ला करणारा बिबट्या वनविभागानं पकडलाच पाहिजे. पण दिसला म्हणून प्रत्येक बिबट्या उचलून नेण्यानं आपली लेकरं सुरक्षित होत नाहीत, हे जुन्नरनं किंमत मोजून शिकलेलं आहे. लेकरं सुरक्षित होतात ती आपल्या सवयींनी. दिवस मावळल्यावर मुलाला एकटं अंगणात सोडायचं नाही. उसाच्या कडेला वाकून किंवा बसून काम करताना जोडीदार उभा हवा. अंधारात बोलत, बॅटरी घेऊन चालायचं. गोठ्याला आणि शेळ्यांच्या खुराड्याला वरूनही बंद जाळी हवी. गावाबाहेर मेलेली जनावरं आणि कोंबड्यांचा कचरा टाकायचा नाही, कारण त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

ऊसतोडीतल्या बाईची मदत

या कामात सगळ्यात मोठी स्वयंसेवक कोण, विचाराल तर मी सांगेन, ऊसतोडीला आलेली बाई. बीड, अहिल्यानगरकडून ती दिवाळीनंतर येते, शेताकडेला कोपीत राहते. तिच्यासाठी जुन्नर, शिरूर, आंबेगाव हा परका मुलूखच. आणि सरीत मांजराएवढी बिबट्याची पिल्लं पहिल्यांदा दिसतात ती तिला.

त्या घडीला काय होतं यावर पुष्कळ अवलंबून असतं. पिल्लं उचलून गावात आणली, फोटोसाठी हातोहात फिरवली, तर रात्री आई त्यांना शोधत शेतात आणि वस्तीवर फिरते. ती चवताळलेली असते, आणि जवळच कोपीत लेकरं झोपलेली असतात. पिल्लं आईला मिळाली नाहीत तर ती जन्मभर पिंजऱ्यात राहतात. स्वतःहून जगायला शिकवणारं त्यांना कोणी उरत नाही. जुन्नरजवळच्या माणिकडोह केंद्रात असे जंगलात परत जाऊ न शकणारे बिबटे ठेवलेले आहेत.

म्हणून पद्धत अशी आहे. पिल्लं दिसली की हात लावायचा नाही. त्या भागातली तोड थांबवायची, लोकांना मागे घ्यायचं आणि वनविभागाला फोन करायचा. डॉक्टर येऊन पिल्लं तपासतात. मग संध्याकाळी ती त्याच जागी एका खोक्यात ठेवतात, आणि बहुतेक वेळा ते खोकं म्हणजे आपल्या नारायणगावच्या टोमॅटोचं प्लास्टिकचं कॅरेट असतं. लांबून कॅमेरा लावतात. रात्री आई येते, आधी लांबून पाहते, मग एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन जाते. असं पुष्कळदा झालेलं आहे.

पण यात एक गोष्ट आपण बोलत नाही. तोडणीचे पैसे टनावर मिळतात. तोड थांबली की त्या बाईचा दिवस बुडतो. जिवाला वाचवायची किंमत सगळ्यात गरीब माणसानं का मोजायची? शेतमालकानं त्या दिवशी दुसरी सरी, दुसरं शेत तोडायला द्यावं. बागायतदार घरातल्या बायका आपल्या गटांत आहेत, त्यांनी हे आधीच घरात बोलून ठेवावं. कोयता हातात घेऊन आलेली परगावची बाई पहिल्यांदा गावात येते तेव्हा तिला एक फोन नंबर, मुलांसाठी एक उजेडाची जागा आणि गटातली एक ओळखीची बाई मिळाली, तर तिचाही तो मुलूख थोडा ओळखीचा होईल.

आपला गट काय करू शकतो?

एक. वनविभागाचा मदतीचा नंबर १९२६ मंदिराच्या, शाळेच्या आणि गिरणीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. जवळच्या वनरक्षकाचाही लिहा.

दोन. अंगणवाडीत भोकं पाडलेला एक खोका आणि दोन जुनी सुती कापडं तयार ठेवा.

तीन. संक्रांतीनंतरच्या रविवारी मुलांना घेऊन झाडांवरचा, तारांखालचा मांजा गोळा करा आणि जाळू नका, बारीक कापून टाका. विजेच्या तारांवरचा मात्र काढायचा नाही, वीज मंडळाला कळवायचं.

चार. उघड्या विहिरींना कठडा घालायचा ठराव ग्रामसभेत मांडा. त्यात बिबटे पडतात, तशी आपली लेकरंही पडतात.

पाच. सापाची माहिती बैठकीत घ्या. आपल्याकडे मुख्य विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. चारांवर एकच प्रतिविष चालतं आणि ते सरकारी दवाखान्यात मिळतं. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळायचं नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. माणसाला हलू न देता १०८ ची गाडी बोलवा किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा. साप पकडायचा नाही आणि मारायचाही नाही. नोंदणी असलेल्या सर्पमित्राला बोलवा.

सहा. कुत्रं, माकड, कोल्हा, वटवाघूळ यांतलं काही चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजचं इंजेक्शन सुरू करा.

यातून मिळतं काय, असं कोणी विचारेल. रत्नागिरी जिल्ह्यात वेळास नावाचं गाव आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून तिथे समुद्री कासवांची अंडी जपायला सुरुवात केली. पूर्वी अंडी चोरीला जायची. आता पिल्लं समुद्रात जाताना पाहायला लोक येतात, गावातल्या घरांत उतरतात आणि तिथल्या बायका त्यांना जेवू घालून चार पैसे मिळवतात. सगळीकडे असं होईलच असं नाही. पण जीव जपला म्हणून गाव उपाशी राहत नाही, एवढं वेळासनं दाखवलं.

परदेशी लेकीला काय सांगाल?

आता त्या ताईंच्या लेकीसाठी. तिला सांगा, आधी स्वतःच्या व्हिसाच्या अटी वाच. काही व्हिसांवर पगारी काम चालत नाही. बिनपगारी सेवा चालते का, आणि कोणत्या अटीवर, हे त्या देशाच्या नियमात पाहून घे. मग गावातल्या वाचनालयात किंवा नगरपालिकेत चौकशी कर की वन्यजीवांसाठी काम करणारी मान्यताप्राप्त संस्था कोणती. सेवा करायला कोणी भलीमोठी रक्कम मागत असेल तर दहा वेळा विचार कर. शिक्षण दिल्याशिवाय कोणी जनावर हातात देत असेल तर तिथे जाऊ नकोस. लसी घे. धुणं, शिवण, फळं कापणं अशा कामापासून सुरुवात कर, त्यात कमीपणा नाही. आणि पिल्लू कितीही गोड असलं तरी त्याला लळा लावू नकोस. ते आपलं नसतं.

हे शेवटचं सगळ्यात अवघड. मी पहिलं वाढलेलं पोसम सोडायला गेले तेव्हा ते झाडावर चढलं आणि त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. मला वाईट वाटलं. बरोबरच्या त्या साठीच्या बाई म्हणाल्या, "वळून पाहिलं नाही म्हणजे आपलं काम नीट झालं." मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे लेक सासरी निघाली की तिनं मागे वळून पाहू नये म्हणतात. त्या हसल्या. मग त्यांनी मला माझ्या गावाबद्दल विचारलं. त्या झाडाखाली अंधारात उभं राहून मी त्यांना जुन्नरबद्दल, शिवनेरीबद्दल, आईच्या गोठ्याबद्दल सांगत राहिले. तीन वर्षांत ते मला पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं होतं.

तेव्हा मैत्रिणींनो, लेकीला फोन कराल तेव्हा 'जेवलीस का' याच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा. तुझ्या खिडकीतून कोणतं पाखरू दिसतं? नाव माहीत नसेल तर म्हणावं, जा, शेजारणीला विचार. तिची ओळख तिथून सुरू होईल. आणि यंदा तुमच्या शिवारात कोयता घेऊन कोणाची लेक येईल, तेव्हा तिच्यासाठी ती शेजारीण तुम्ही व्हा.